पाच गळे, परकी बोली

१७ फेब्रुवारी २०१० रोजी जपानच्या दुकानांत एक सीडी आली. नाव अगदी हिशेबी : 'बेस्ट सिलेक्शन २०१०'. गाणारे पाचही जण कोरियाचे, गाणी जपानीतली आणि काढणारी कंपनी जपानची एव्हेक्स. पहिल्याच आठवड्यात तिच्या चार लाखांवर प्रती खपल्या आणि ओरिकॉनच्या यादीत ती पहिली आली. ओरिकॉन म्हणजे तिकडे गाण्यांच्या खपाचा रोजमेळ. एवढं यश आलं तेव्हा खरं तर त्या पाच पोरांनी हातात हात घालून लोकांसमोर वाकायला हवं होतं. पण ते पाच जण एकत्र मंचावर शेवटचे दिसले ते ३१ डिसेंबर २००९ च्या रात्री. सीडी दुकानात लागली तेव्हा त्यांच्यातले तिघे आपल्याच कोरियन कंपनीविरुद्ध कोर्टात उभे होते. घर फुटलं होतं आणि घरातल्या सुखाचा आल्बम बाजारात विकायला होता.

या गटाचं नाव जपानीत तोहोशिंकी, कोरियनमध्ये तोंगबांगशिनगी, आणि बाकीच्या जगात टीव्हीएक्सक्यू. चार चिनी अक्षरं तीच, वाचणाऱ्याची जीभ बदलली की नाव बदलतं. या एका सीडीवर परतवाड्यातल्या एका मुलीनं मराठीत पुस्तिका लिहिली आणि प्रस्तावनेसाठी ती अचलपूरला, सरमसपुऱ्यात माझ्या घरी घेऊन आली. मी रेकॉर्डी जमवणारा, गझल ऐकणारा म्हातारा. माझ्याकडे रफी आहे, तलत आहे, मेहदी हसन आहे. कोरियाचं काहीच नाही. "काकाजी, म्हणूनच तुमच्याकडे आली," असं ती म्हणाली. हे उत्तर तेव्हा मला उद्धट वाटलं होतं. हस्तलिखित वाचून झाल्यावर पटलं.

अचलपुरात असल्या विषयाला वाचक कुठला, असं कुणी विचारेल. कोरियन मालिका आणि गाणी मोबाईलवर पाहणारी पोरं आता परतवाड्यातही आहेत नि चांदूर बाजारातही. पण ते कारण मी पुढे करणार नाही, फॅशन आज आहे, उद्या नाही. मला दिसतं ते कारण जुनं आहे. हे गाव न समजणाऱ्या भाषेत गाणं ऐकत मोठं झालेलं आहे. दुल्हा रहमान शहाच्या दर्ग्यात कव्वाली होते, तिथे बसलेल्या निम्म्यांना फारसी ओळी कळत नाहीत. परतवाड्याच्या बाजाराच्या दिवशी मेळघाटातून कोरकू उतरतात, त्यांची गाणी आपण ऐकतो नि माना डोलावतो. मुशायऱ्यात मराठी माणूस 'वाह' कुठे म्हणायचं ते शेजाऱ्याकडे बघून ठरवतो. तरी तो येतो, आणि शेवटपर्यंत बसतो. शब्द समजला नाही म्हणून ऐकणाऱ्याचं अडत नाही, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. पण गाणाऱ्याचं अडतं का? न समजणाऱ्या भाषेत गायचं असेल तर त्याला काय करावं लागतं? ही पुस्तिका त्या दुसऱ्या बाजूची आहे, आणि त्या बाजूनं आपल्याकडे फारसं कुणी लिहिलेलं नाही.

आधी थोडा इतिहास, कारण त्याच्याशिवाय या सीडीचं वजन कळत नाही. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षं कोरिया जपानच्या ताब्यात होता. शेवटच्या काळात तर शाळांतून कोरियन भाषा गेली आणि लोकांना आपली नावं बदलून जपानी नावं घ्यायला लावली. स्वातंत्र्य मिळाल्यावर कोरियानं दार घट्ट लावून घेतलं. जपानी सिनेमा, जपानी गाणं, सगळ्याला मज्जाव. तो मज्जाव किम दे-जुंग राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९९८ पासून टप्प्याटप्प्यानं उठू लागला, आणि जपानी भाषेतली गाण्यांची सीडी कोरियात राजरोस विकायची मोकळीक मिळाली ती थेट २००४ साली. आता तारखा जुळवून पाहा. हा गट कोरियात पहिल्यांदा लोकांसमोर आला डिसेंबर २००३ मध्ये आणि जपानमध्ये एप्रिल २००५ मध्ये. म्हणजे ज्या भाषेतलं गाणं आपल्या देशात विकायला काल-परवापर्यंत बंदी होती, त्याच भाषेत ही सतरा ते एकोणीस वर्षांची पोरं गायला निघाली होती. त्यांच्या आजी-आजोबांना ती भाषा शाळेत छडीच्या धाकानं शिकावी लागली असणार. लेखिकेनं या गोष्टीला दीड पान दिलंय. मी असतो तर दहा दिली असती.

वाट अगदीच न मळलेली होती असं नाही. चो योंग-पिल या थोर गायकाचं बुसान बंदरावरचं गाणं ऐंशीच्या दशकात जपानीत जाऊन घरोघर पोचलं होतं. त्यानंतर आली बोआ. ही मुलगी तेराव्या वर्षी कोरियात गायला लागली, जपानी शिकली, २००२ साली तिचा जपानी आल्बम ओरिकॉनवर पहिला आला. कोरियातल्या कुणाला तो मान तोवर मिळाला नव्हता. २००५ मध्ये तिच्या निवडक गाण्यांचा 'बेस्ट ऑफ सोल' निघाला आणि दहा लाखांच्या पुढे गेला. तिची कंपनी एसएम एंटरटेन्मेंट आणि जपानची एव्हेक्स, हीच जोडगोळी पुढे या पाच जणांच्या मागे होती. एसएमचे संस्थापक ली सू-मान ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शिकायला गेले आणि तिथलं टीव्हीवरचं गाणं-नाचणं डोळ्यांत भरून परत आले. पोरांना लहान वयात हेरायचं, वर्षानुवर्षं तालीम द्यायची आणि मग गट म्हणून उभं करायचं, हा धडा मात्र जपानच्याच करमणूक-धंद्यात आधीपासून गिरवला जात होता. साचा निम्मा अमेरिकेचा, निम्मा जपानचा, आणि माल परत जपानलाच विकायचा! आपल्या मारवाडी पेठेतल्या लोकांनीही टोपी काढावी असा हा व्यवहार आहे.

व्यवहारामागचं गणित सोपं होतं. कोरियाची बाजारपेठ लहान, त्यात १९९७ च्या आर्थिक संकटानं कंबरडं मोडलेलं. शेजारी जपान, रेकॉर्ड केलेल्या संगीताची जगातली दुसऱ्या क्रमांकाची बाजारपेठ, आणि जिथं लोक आजही दुकानात जाऊन पैसे मोजून सीडी घेतात. पण जपानी ग्राहक चोखंदळ. त्याच्या घरी पोरांच्या गटांची कमी नव्हती. स्माप होता, अराशी होता. परक्या पाच पोरांना त्यानं कशाला विचारावं?

आणि त्यानं विचारलंही नाही. पहिलं जपानी गाणं, 'स्टे विथ मी टुनाइट', ओरिकॉनच्या यादीत तिसाच्याही खाली राहिलं. कोरियात जे हजारोंच्या गर्दीतून अंगरक्षकांच्या कड्यात चालत, ते जपानमध्ये लहान सभागृहांत गात होते. पुस्तिकेतलं तिसरं प्रकरण या काळावर आहे आणि माझ्या मते तेच तिचं काळीज आहे. एका नावाजलेल्या माणसानं दुसऱ्या गावी जाऊन पुन्हा उमेदवारी करायची, तीही ज्या हत्यारावर नाव कमावलं ते हत्यार, म्हणजे आपली भाषा, घरी ठेवून! जपानमध्ये त्यांनी नाच-धिंगाण्यापेक्षा आधी ठाय लयीतली, आवाजावर तोललेली गाणी पुढे केली. पाच आवाजांचा मेळ हीच त्यांची खरी पुंजी होती, आणि ती भाषेवाचूनही कानाला कळते. जानेवारी २००८ मध्ये 'पर्पल लाइन' हे गाणं पहिल्यांदा यादीच्या माथ्यावर गेलं. जपानमधलं ते त्यांचं सोळावं सिंगल होतं. त्याआधीची पंधरा गाणी म्हणजे फी न देता केलेली शाळा.

आता थोडं जिभेबद्दल. लेखिकेनं इथं जे केलंय ते मला फार आवडलं, म्हणून जरा थांबतो. कोरियन शब्द व्यंजनावर धाडकन बंद होतो. क्, प्, म्, ल् वर तोंड मिटतं. जपानीत एक न् सोडला तर शब्द असा मिटत नाही, प्रत्येक व्यंजनाला पाठीशी स्वर लागतोच. तिचं उदाहरण जेवणाच्या ताटातलं आहे. कोरियन माणूस 'किम्-ची' म्हणतो, दोन ठोके. तोच पदार्थ जपानी माणूस 'कि-मु-ची' म्हणून मागतो, तीन ठोके. आता ही गोष्ट आख्ख्या गाण्याला लावून पाहा. कोरियन चालीत जेवढ्या मात्रांत जेवढा आशय बसत होता, तेवढ्याच मात्रांत जपानीत कमी बसणार. म्हणजे आशय छाटायचा, नाहीतर चालीवर शब्द कोंबायचे. चालीवर शब्द लिहिणाऱ्या कुठल्याही मराठी कवीला ही डोकेदुखी सांगायला नको. म्हणूनच या गटाची जपानमधली पुष्कळशी गाणी कोरियनची रूपांतरं नाहीतच, मुळात जपानीतच लिहिलेली, जपानी कवी-संगीतकारांची आहेत. 'बेस्ट सिलेक्शन २०१०' चा कणा तीच गाणी आहेत.

उच्चाराचं दुखणं वेगळंच. जपानीतला 'त्सु' कोरियन तोंडी 'चु' होऊ पाहतो आणि 'गोज़ाइमास'मधला दंत्य ज़ तालव्य होऊन 'गोजाइमास' बनतो. जपानी कान तेवढ्यावरून ओळखतो, हा आपला नव्हे. आपल्याला यातलं काहीच जड नाही. 'चमचा'तला च आणि 'जाड'मधला ज बोलणाऱ्याला 'त्सु' नि 'ज़ा' हे चुलत भाऊ वाटावेत. लेखिका पुण्याला जाऊन जपानीची परीक्षा देऊन आली. तिथं तिच्या उच्चाराचं कौतुक झालं, असं तिच्या आईनं मला सांगितलं. पोरीनं ते पुस्तिकेत लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितो. तर ती हेडफोन लावून २००५ चं एक गाणं आणि २००८ चं एक गाणं शेजारी-शेजारी ठेवते आणि कुठल्या ओळीत कुणाचा 'त्सु' सरळ झाला, कुणाचा अजून घसरतोय, हे टिपते. पाचांपैकी प्रत्येकाची प्रगती तिनं वेगवेगळी मांडलीय. आमच्या काळी संगीत नाटकातल्या नटाच्या तानेवर लोक असे वाद घालत. आता पोरं कोरियन गायकाच्या 'त्सु'वर घालतात. मला यात बिघडलेलं काही दिसत नाही.

या संग्रहातलं एक गाणं सगळ्यांच्या तोंडी गेलं. त्याचं नावच वाक्याएवढं लांब आहे : 'दोशिते किमि ओ सुकि नि नात्ते शिमात्तान्दारो?' लेखिकेनं वऱ्हाडीत सांगितलंय, 'काऊन जीव जडला तुह्यावर?' जुलै २००८ चं हे गाणं. जिच्यावर जीव होता तिला वेळेवर सांगितलं नाही, आणि आता ती दुसऱ्याची नवरी होऊन उभी आहे, असा विषय. त्या वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचकेच्या 'कोहाकु'त त्यांनी ते गायलं. कोहाकु म्हणजे वर्षाच्या शेवटच्या रात्री सगळं जपान कुटुंबासकट टीव्हीपुढे बसून पाहतं तो गाण्यांचा सामना. तिथं बोलावणं आलं की गायक घराघरात पोचला. पुढच्या जुलैत, ४ आणि ५ तारखेला, त्यांनी टोकियो डोम भरवला. लहान सभागृहांपासून तिथवर यायला चार वर्षं लागली होती.

आणि त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ जुलै २००९ ला, जेजुंग, युचन आणि जुन्सू या तिघांनी सोलच्या न्यायालयात अर्ज केला. म्हणणं असं, की एसएम कंपनीनं आमच्याशी केलेला तेरा वर्षांचा करार अन्यायाचा आहे, तो आमच्यावर लादू नये. ऑक्टोबरात न्यायालयानं बऱ्याच अंशी त्यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. युन्हो आणि चांगमिन कंपनीत राहिले. त्या वर्षीच्या कोहाकुत पाचही जण पुन्हा उभे राहिले, 'स्टँड बाय यू' गायले, आणि तिथं संपलं. फेब्रुवारीत ही सीडी आली. एप्रिलमध्ये एव्हेक्सनं जाहीर केलं, की गटाचं जपानमधलं काम थांबवत आहोत.

तेरा वर्षांचा करार, हे शब्द मी दोनदा वाचले. सोळा-सतरा वर्षांच्या पोराकडून तेरा वर्षांचं आयुष्य लिहून घ्यायचं! आपल्याकडे सालदाराचा करारसुद्धा गुढीपाडव्याला संपतो. लेखिका या बाबतीत फारच सबुरीनं लिहिते, दोन्ही बाजू तोलून पाहते, कंपनीचा तालमीवरचा खर्च मांडते. मी तिला म्हटलं, "अगं, तू वकील आहेस की चाहती?" ती हसली आणि म्हणाली की चाहत्यांतच यावरून दोन तट आहेत, एकाची बाजू घेतली तर निम्मे लोक पुस्तक हातात धरणार नाहीत. ठीक आहे. प्रस्तावनाकाराला ती अडचण नाही, म्हणून सांगून टाकतो : मी त्या तिघांच्या बाजूनं आहे, आणि राहिलेल्या दोघांवर माझा राग नाही.

या सगळ्यामुळे 'निवडक गाणी' या प्रकाराकडे बघायची माझी दृष्टी बदलली. आपल्याकडे एचएमव्हीच्या निवडक गाण्यांच्या कॅसेटी निघत, त्या म्हणजे मागच्या मालाची नवी पुडी. गायकाला विचारलेलंही नसे. ही सीडी तशी नाही. कोरियातली यांची गाजलेली गाणी वेगळी आणि जपानमधली वेगळी. कोरियन श्रोत्याला हे पाच जण २००३ पासून डोक्यावर घेतलेले म्हणून ठाऊक, तर जपानी श्रोत्याला ते आपल्या डोळ्यांदेखत वर आलेले म्हणून ठाऊक. एकाच गटाची दोन चरित्रं झाली. चाहत्यांच्या मंडळांचीही नावं दोन, कोरियात कॅसिओपिया आणि जपानमध्ये बिगईस्ट. या संग्रहातलं चरित्र दुसरं आहे, पाच वर्षांच्या उमेदवारीचं, आणि ते ज्यांनी घडताना पाहिलं त्यांच्याच भाषेत सांगितलेलं.

बीटीएस या कोरियन गटाचं नाव आलं नाही तर तरुण वाचक पुस्तक मिटतील, म्हणून तेही सांगतो. त्यांचा 'बीटीएस, द बेस्ट' १६ जून २०२१ ला जपानमध्ये आला, दोन सीडी, तेवीस गाणी, आणि त्या साली ओरिकॉनच्या वार्षिक आल्बम-यादीत पहिला ठरला. मायकेल जॅक्सनच्या 'थ्रिलर'नंतर सदतीस वर्षांनी बाहेरच्या कलावंताला तो मान मिळाला. पण बीटीएस जपानमध्ये तो संग्रह घेऊन आले तेव्हा ते जगात पोचलेले होते. दार आधीच उघडलेलं होतं, आणि कुणी उघडलं ते या पुस्तिकेत आहे. म्हणून लेखिकेनं गाजलेला विषय सोडून जुना निवडला, हे बरं केलं.

आता आपल्या घरात या. परक्या गळ्यानं आपल्या भाषेत गावं, हा प्रकार मराठीला नवा नाही. हेमंतकुमार हा बंगाली माणूस लताबाईंबरोबर 'मी डोलकर' गातो. शान्ता शेळके यांचे शब्द, हृदयनाथांची चाल. आणि कोळीवाड्यातसुद्धा कुणी म्हणत नाही की हा आपला नाही. त्याचा तो गोलसर, ओलसर बंगाली स्वर समुद्राच्या गाण्याला असा काही लागला की तो दोष न राहता गुण झाला. मन्ना डे 'घन घन माला' गाऊन गेले. महेंद्र कपूर तर दादा कोंडक्यांच्या सिनेमांत असे रुळले की बहिरमच्या यात्रेत त्यांची गाणी लागली की माणसं हंडीवरचं मटण सोडून वळून पाहत.

पण या सीडीशेजारी ठेवायला खरी जोड आहे ती महंमद रफींच्या मराठी गाण्यांची. ती मोजकीच आहेत, बहुतेक श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतातली, आणि त्यातली पुष्कळशी वंदना विटणकरांनी लिहिलेली. 'शोधिसी मानवा' आणि 'हा छंद जिवाला' ही मराठी माणसाच्या कानातून जायची नाहीत. श्रीकांतजी प्रबोधनकारांचे चिरंजीव, स्वतः व्हायोलिन वाजवणारे आणि उर्दूचे जाणकार. त्यांच्याबद्दल एक गोष्ट कायम सांगितली जाते, की रफीसाहेबांच्या जिभेला जड जाणारी अक्षरं, विशेषतः 'ळ', ते गाण्यात येऊ देत नसत. गोष्ट ऐकायला छान आहे. पण 'प्रभू तू दयाळू' या गाण्याच्या नावातच 'ळ' बसलेला आहे, आणि रफीसाहेब तो पूर्ण गातात. शिवाय रफी पंजाबचे. पंजाबी बोलीत 'ळ' आहेच. तो त्यांना लखनौकडच्या माणसासारखा कशाला अडेल?

उलट अडतो तो आपल्याला. वऱ्हाडी माणूस शाळेला 'शाया' म्हणतो, डोळ्याला 'डोया' आणि काळ्याला 'काया'. माझ्या घरी रफींची ती रेकॉर्ड लावली की माझा नातू सोबत गातो, आणि 'दयाळू'चं 'दयायू' करतो. परका माणूस शुद्ध आणि घरचा अशुद्ध! रफींनी आपला 'ळ' राखला आणि आम्ही वऱ्हाड्यांनी तो कधीच विकून खाल्ला, असं मी गमतीनं म्हणतो.

रफींची मराठी गाणी आणि ही सीडी यांत फरक आहे, आणि तो लेखिकेला मी पुष्कळ वेळ पटवून देत होतो. रफींनी मराठीत गायलं तेव्हा ते रफी होते. गाणं चाललं नसतं तर त्यांचं काही जाणार नव्हतं. इथं वाकला तो संगीतकार : त्यानं गळा डोळ्यापुढे ठेवून चाल बांधली, कवयित्रीनं त्या गळ्याला शोभतील असे शब्द दिले, आणि रफींनी आपली तालीम चोख करून ते सोनं केलं. तोहोशिंकीच्या बाबतीत वाकले ते गाणारे. भाषा त्यांच्यासाठी एक पाऊलही पुढे आली नाही. तेच तिच्या दारात जाऊन उभे राहिले, मुलाखती जपानीत दिल्या, विनोद जपानीत केले, चुकले तेही जपानीत. मराठीत कुठल्या परभाषी गायकानं एवढं केलंय? केलं नाही, कारण आपण मागितलंच नाही. मराठी श्रोता मोठ्या नावापुढे आधीच हात जोडून उभा असतो. जपानी श्रोता म्हणतो, माझ्या भाषेत बोल, मग बघू. मला त्याचा हा ताठा आवडतो, आणि त्या ताठ्यानं त्या पोरांना किती झिजवलं असेल याचं वाईटही वाटतं.

परकं गाणं आपलं करायची तिसरी एक तऱ्हा आहे, आणि ती आमच्या अमरावतीची. सुरेश भट १९३२ साली अमरावतीत जन्मले. या भागात उर्दू हवेत असते, अचलपूर तर इमादशाहीच्या काळापासूनचं राजधानीचं गाव, इथं शेर कानावर पडायला मुद्दाम कुठे जावं लागत नाही. भटांनी कुठला उर्दू गायक आणून त्याला मराठीत गायला लावलं नाही. त्यांनी काव्याचा तो अख्खा प्रकार, रदीफ-काफियाच्या सगळ्या पथ्यांसकट, मराठीत रुजवला. १९७४ चा 'रंग माझा वेगळा', १९८३ चा 'एल्गार' आणि नव्या पोरांसाठी 'गझलेची बाराखडी'. त्यांच्या आधी माधव ज्यूलियनांनी हात घातला होता, पण गावोगावच्या पोरांना गझल लिहायला बसवलं ते भटांनी. पुढे याच जिल्ह्यातल्या आष्टगावचे भीमराव पांचाळे ती गात महाराष्ट्रभर फिरले. आज वऱ्हाडातल्या तरुण कवीला गझल बाहेरून आली हे सांगावं लागतं.

मी गझलवाला, तेव्हा माझा कौल भटांच्या तऱ्हेला जाणार हे उघड आहे : गाणारा आला नि गेला, साचा आला तो राहतो. लेखिकेचं म्हणणं उलट. ती म्हणते, साचा तर कोरियानं अमेरिकेकडून कधीच उचलला होता, त्यात काय विशेष? साच्याला दुखत नाही. परक्या भाषेत रोज सकाळी उठून चुकायचं, आणि ज्या देशानं आजोबाचं नाव बदललं त्या देशाच्या पोरींनी टाळ्या वाजवाव्यात असं गायचं, याला छाती लागते. हा वाद आमच्यात संपलेला नाही आणि पुस्तिकेच्या पाचव्या प्रकरणात तिनं माझं नाव न घेता माझी चांगलीच हजेरी घेतली आहे. वाचकांनी तिथं तिची बाजू घ्यायला माझी हरकत नाही.

पुस्तिकेत उणं नाही असं नाही. कपड्यांवर आणि केशरचनांवर तिनं जरा जास्तच पानं खर्च केलीत. चो योंग-पिलवर दोनच परिच्छेद आहेत, ते पुढच्या आवृत्तीत वाढावेत. खपाचे आकडे काही ठिकाणी इतके दाटलेत की कापसाच्या बाजारभावाचं पान वाचतोय असं वाटतं. पण सीडी प्रत्यक्ष हातात घेऊन केलेलं वर्णन मात्र पहिल्या प्रतीचं आहे. जपानी सीडीच्या कडेला उभी कागदी पट्टी गुंडाळलेली असते, तिला ओबी म्हणतात, किमोनोच्या कमरपट्ट्यासारखी. नाव, किंमत, माहिती, सगळं त्या पट्टीवर, म्हणजे आतल्या चित्राला शाईचा डाग नको. ती पट्टी फाटली की संग्राहकाच्या लेखी वस्तूची किंमत पडते. या पोरीनं मागवलेली सीडी मुंबईहून परतवाड्याला आली तेव्हा पट्टी शाबूत होती. मी चष्मा लावून पाहायला गेलो तर तिनं आधी मला हात धुवायला लावले. माझ्या रेकॉर्डींना हात लावणाऱ्यांना मी चाळीस वर्षं हेच सांगत आलो, त्यामुळे रागावताही येईना.

शेवटचं प्रकरण पुढच्या गोष्टीवर आहे. वेगळे झालेले तिघे जेवायजे या नावानं गायले. राहिलेले दोघे जानेवारी २०११ मध्ये तोहोशिंकी हेच नाव घेऊन परतले, आणि २०१३ साली योकोहामाच्या निस्सान स्टेडियममध्ये उभे राहिले. जुनी गाणी त्यांनी टाकून दिली नाहीत. पण ती पाच आवाजांसाठी बांधलेली. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली धरतो, तिसरा मधली जागा भरतो, अशी त्यांची वीण. दोघांनी ती कशी वाटून घेतली, गेलेल्या कुणाच्या जागा कुणी उचलल्या, कुठल्या जागा तशाच रिकाम्या सोडल्या आणि तिथं स्टेडियममधले लोक काय करतात, हे लेखिकेनं एकेका गाण्यानिशी लिहिलंय. वाचताना गाणं लावून ठेवा, आणि आवाज जरा मोठा ठेवा.